बोटभर पुली

मेसवर लेख म्हटला की तुमच्या डोळ्यांसमोर काय येणार ते मला ठाऊक आहे. डाळीत डाळ शोधण्याची मोहीम, पोळीचा नकाशा, आणि बुधवारची ती सुप्रसिद्ध मिक्स भाजी! दरवर्षी या पानांवर असा एक तरी लेख असतोच आणि आपण तो चवीने (म्हणजे मेसमध्ये न मिळणाऱ्या चवीने) वाचतो. पण मित्रांनो, यंदा माझी तक्रार डाळीबद्दल नाही. माझी तक्रार एका पुलीबद्दल आहे. बोटभर लांबीची, आगपेटीएवढ्या डबीत बसणारी पुली. हसू नका. लेख संपेपर्यंत थांबा, मग हसा.

मी मेस कमिटीत आहे. कमिटीत असणं म्हणजे शिव्या खाणं, हे वेगळं सांगायला नकोच. गेल्या टर्ममध्ये एका रविवारी फीस्ट होती. पुरी, श्रीखंड, बटाट्याची भाजी. मी दारापाशी कुपनं मोजत उभा होतो. मोठ्या कढईत तेल तापत होतं आणि आचारी मामा दुधाचे कॅन उतरवून घ्यायला मागच्या दाराशी गेले होते. दोन-चार मिनिटांचंच काम होतं. पण शेगडी फुल होती. आधी निळसर धूर आला, मग भप्पकन आवाज झाला आणि कढईवर माणसाच्या उंचीची ज्वाळा उभी राहिली. ती थेट वरच्या हुडात शिरली.

आमच्या मेसमध्ये आग विझवण्याची यंत्रणा आहे. हुडाखाली नोझल्स आहेत, भिंतीवर स्टीलची पेटी आहे, दाराजवळ लाल हँडल आहे. पोळ्या लाटणाऱ्या मावशींनी ते हँडल ओढलं. हललं नाही. त्यांनी पुन्हा दोन्ही हातांनी, पाय भिंतीला लावून ओढलं. तरी नाही. इतक्यात फर्स्ट इयरचा एक शहाणा पाण्याची बादली घेऊन आत धावला. मामा मागून असे काही ओरडले की तो जागीच थिजला. मामांनी आधी बाहेरचा गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मग कणकेची मोठी परात कढईवर सरकवली. आग विझली. मामांचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

फीस्ट अर्ध्या तासाने सुरू झाली. लाजिरवाणी गोष्ट अशी की आम्ही जेवलोसुद्धा. रात्री रूमवर मात्र झोप लागेना. डोक्यात एकच प्रश्न घोळत होता : ते हँडल का हललं नाही?

आधी त्या बादलीबद्दल. तेलाच्या आगीवर पाणी का ओतायचं नाही, हे आपल्याला 'माहीत' असतं, पण कारण विचारलं तर व्हायवासारखी शांतता पसरते. पाणी तेलापेक्षा जड, म्हणून ते तळाशी जातं. तिथलं तापमान तीनशे-साडेतीनशे अंश. पाण्याची तत्क्षणी वाफ होते आणि एक लिटर पाण्याची सुमारे १७०० लिटर वाफ होते. ती वाफ वरचं पेटलेलं तेल छतापर्यंत उडवते. ती बादली रिकामी झाली असती, तर आज हा लेख कदाचित वेगळ्या पानावर, काळ्या चौकटीत आला असता.

म्हणूनच मोठ्या स्वयंपाकघरांसाठी 'वेट केमिकल' यंत्रणा असते. तिच्यात पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण असतं. ते गरम तेलावर पडलं की दोघांचा मिळून साबणासारखा फेस होतो. सॅपोनिफिकेशन! बारावीच्या केमिस्ट्रीत घोकलेला तो शब्द इथे जीव वाचवतो. फेसाचा थर हवा तोडतो, तेल थंड करतो आणि पुन्हा पेटू देत नाही. हे पुन्हा पेटणं फार महत्त्वाचं आहे. वनस्पती तेलांचं चलन वाढलं, फ्रायर उष्णता जास्त धरून ठेवू लागले आणि जुन्या कोरड्या पावडरने विझलेली आग परत भडकू लागली. त्यामुळेच १९९४ पासून अमेरिकेत 'यूएल ३००' ही कडक चाचणी लागू झाली.

हे झालं केमिस्ट्रीचं. पण हे द्रावण सोडतो कोण? इथे आपली, म्हणजे मेकॅनिकलवाल्यांची, एन्ट्री होते.

अशा बऱ्याच यंत्रणा पूर्णपणे यांत्रिक असतात. सेन्सर नाही, वीज नाही, सॉफ्टवेअर नाही. लोडशेडिंगमध्येही चालावी अशीच तिची रचना. हुडाच्या आत एका ओळीत ब्रॅकेट बसवलेले असतात. प्रत्येक ब्रॅकेटवर एक फ्युजिबल लिंक, म्हणजे ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूने जोडलेल्या दोन पट्ट्या. या सगळ्या लिंकांवरून जाणारी स्टीलची बारीक तार, साधारण दीड मिलिमीटर जाडीची, ताणून थेट भिंतीवरच्या पेटीपर्यंत आणलेली असते. पेटीत स्प्रिंग ताणून धरलेली. आग लागली, लिंक वितळली, तारेचा ताण गेला की स्प्रिंग सुटते, गॅसचं छोटं नळकांडं फुटतं, टाकीत दाब येतो आणि नोझलमधून द्रावण बाहेर पडतं. त्याच झटक्यात गॅसचा व्हॉल्व्हही बंद होतो. लाल हँडलची तारही याच पेटीत येते. माणसाला आग आधी दिसली तर लिंक वितळायची वाट बघायला नको, म्हणून.

आता ही तार हवेत लोंबकळत येत नाही. ती कंड्युइट पाइपातून येते. पाइप भिंतीला क्लॅम्पने धरलेला असतो. वळण आलं की पाइप वाकवायचा नाही, तिथे कॉर्नर पुली बसवायची. एका डबीत छोटं चाक, चाकाला बेअरिंग, डबीला झाकण. पाइप कापला की त्याच्या आतली धार घासून काढायची, नाहीतर तार तिथे झिजते. तारेचं टोक गाठ मारून नव्हे, स्लीव्ह दाबून बंद करायचं. पाइपाच्या आत जोड चालत नाही. बस्स, एवढंच. क्लॅम्प, पाइप, ब्रॅकेट, पुली. टाकी चमकते, पेटीवर स्टिकर असतो, पाहुणे तिच्यापाशी उभे राहून फोटो काढतात. पुलीकडे कोणी बघत नाही.

सोमवारी एजन्सीचा टेक्निशियन आला. मी लेक्चर बुडवून (सर, क्षमस्व!) त्याच्या मागे मागे फिरलो. तीन गोष्टी सापडल्या.

पहिली : हँडलपासून पेटीपर्यंत पाच वळणं होती, म्हणजे पाच पुल्या. त्यातल्या दोघींची झाकणंच गायब. बाकीच्यांची झाकणं सैल. वर्षानुवर्षांची तेलकट वाफ आत जाऊन चाकं जाम झालेली. एक चाक तर स्क्रू-ड्रायव्हरनेही फिरेना.

दुसरी : पाइपाचे दोन क्लॅम्प निघालेले. त्या पाइपावर मेसचे ओले नॅपकिन आणि पुसणी वाळत असत. मी स्वतः एकदा भिजलेलं जर्किन तिथे टाकलेलं आहे, खोटं कशाला बोलू? भाराने पाइप खाली आला होता आणि तार पुलीच्या खाचेतून बाहेर, डबीच्या कडेला घासत होती.

तिसरी गोष्ट बघून मात्र पोटात गोळा आला. भट्टीवरच्या लिंकेभोवती कोणीतरी बाइंडिंग वायर गुंडाळून पक्की पिळली होती. लिंक वितळली असती तरी ती वायर ताण धरून बसली असती. म्हणजे हँडल जाम आणि ऑटोमॅटिकही बंद. भिंतीवरची ती चकचकीत पेटी त्या रविवारी निव्वळ शोभेची वस्तू होती.

आता कोणी म्हणेल, ग्रीस लागली तर पुली उलट मऊ चालायला हवी ना? नाही. ही मशीनची ग्रीस नव्हे. गरम वाफेतलं खाद्यतेल थराथराने बसतं, वाळतं आणि लाखेसारखं कडक होतं. घरचा जुना तवा आठवा, त्याच्या कडेचा काळा थर सुरीने खरवडावा लागतो. तोच थर पुलीच्या बेअरिंगमध्ये.

आणि जाम पुलीने नेमकं किती बिघडतं? फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये बेल्ट फ्रिक्शनचं समीकरण असतं. दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर बरोबर ई चा म्यू-थीटा घात. पाच मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो. त्या रात्री जर्नलच्या मागच्या पानावर ते परत मांडलं. चाक फिरत नसेल तर पुली म्हणजे नुसता खुंटा. वळण ९० अंशांचं, म्हणजे १.५७ रेडियन. म्यू ०.३ धरला तर एका वळणाला ताण १.६ पट होतो. पाच वळणांना १.६ गुणिले १.६ असं पाच वेळा, म्हणजे साडेदहा पट! समजा पेटीतला खटका सोडवायला ५ किलोचा ओढ लागतो. पुल्या नीट फिरत असतील आणि प्रत्येकीत तीन टक्के तोटा धरला, तर हँडलवर ५.८ किलो लागतील. शाळकरी पोरगंही ओढेल. पाचही पुल्या जाम असतील तर सुमारे ५३ किलो. अमेरिकेच्या 'एनएफपीए १७ए' या मानकानुसार हँडल ओढायला ४० पौंडांहून, म्हणजे साधारण १८ किलोंहून जास्त जोर लागता कामा नये. आमच्या मावशींचं स्वतःचं वजन ५३ किलो असेल की नाही, शंकाच आहे. त्यांचा जोर कमी पडला नाही, मित्रांनो. आपलं मेन्टेनन्स कमी पडलं.

आता त्या बाइंडिंग वायरकडे येतो, कारण माझा खरा मुद्दा तिथे आहे.

बातमी पसरताच हॉस्टेलवर एकच सूर लागला : "मेसवाल्यांचा हलगर्जीपणा! कंत्राट रद्द करा!" मीसुद्धा त्याच सुरात होतो. मग मामांना भेटायला गेलो. हाताला बँडेज, दुसऱ्या हाताने चहाचा कप धरलेला. वायर कोणी बांधली, असं मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. आदल्या वर्षी आग नसताना यंत्रणा एकदा आपोआप सुटली होती. भट्टी जोरात, वर लिंक, ती वितळली. तीनशे ताटांचं जेवण फेसात गेलं. ते सगळं नुकसान कंत्राटदाराने स्वयंपाकघरातल्या माणसांच्या पगारातून दोन महिने कापलं. "परत तसं झालं असतं तर आम्ही काय खाल्लं असतं, बाळा?" मामा म्हणाले. म्हणून वायर.

ती लिंक अवेळी का सुटली, याचा शोध तेव्हा कोणी घेतलाच नाही. टेक्निशियनने दहा मिनिटांत सांगितलं : भट्टीच्या वर बसवलेली लिंक कमी तापमानाची होती. लिंका ७४ अंशांपासून पुढे वेगवेगळ्या रेटिंगच्या मिळतात. जिथे बसवायची तिथलं रोजचं तापमान मोजून, त्यावर पुरेसं अंतर ठेवून रेटिंग निवडायचं असतं. शिवाय लिंक जुनी झाली की सततच्या ताणाखाली तिचा सांधा हळूहळू सरकतो. मटेरियल सायन्समध्ये यालाच क्रीप म्हणतात. म्हणून ती ठरावीक मुदतीत बदलायची असते. म्हणजे बघा, चूक निवडीची होती, तीही पदवीधर माणसाची. दंड भरला पोळ्या लाटणाऱ्याने. आणि दंड टाळायला त्याने जो उपाय शोधला, त्यात त्याचाच हात भाजला.

माझं मत स्पष्ट आहे. सुरक्षेचं यंत्र चुकून चाललं म्हणून ज्या ठिकाणी सगळ्यात खालच्या माणसाला शिक्षा होते, त्या ठिकाणी ते यंत्र फार दिवस चालू राहत नाही. कोणीतरी, कधीतरी, पोटासाठी त्याला वायर बांधतोच. स्टील कितीही चांगलं वापरा.

यावर दोन-तीन आक्षेप मी ऐकले आहेत. पहिला : "हे एजन्सीचं काम, आपला काय संबंध?" अर्धं बरोबर आहे. तारेला, लिंकेला, पेटीला आपण हात लावायचाच नाही. ताण नीट न सोडता पेटी उघडली तर सगळं द्रावण स्वयंपाकघरात सुटेल. पण बघायला कोणी मना केलंय? महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार जानेवारी आणि जुलैमध्ये, वर्षातून दोनदा, यंत्रणा सुस्थितीत असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. कागद आपल्याकडेही होता, फाइलमध्ये, व्यवस्थित. पण पुलीचं झाकण उघडून बघितलं का, असं त्या एजन्सीला विचारणारं कोणी नव्हतं. सही करणाऱ्याच्या शेजारी दोन डोळस पोरं उभी असली की सही जरा सावकाश होते.

दुसरा आक्षेप पैशाचा. पाच पुल्या, चार क्लॅम्प, काही लिंका. गॅदरिंगच्या साउंड सिस्टिमच्या एका रात्रीच्या भाड्याशी तुलना करून बघा, मग बोलू.

तिसरा आक्षेप सगळ्यात लाडका : "एवढं काही होत नाही रे!" १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून सुरू झालेल्या आगीत ९४ मुलं गेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये कुर्ल्याच्या एका हॉटेलात गॅसचा भडका उडून आठ जण गेले, त्यात दुपारचं जेवायला गेलेले आपल्यासारखेच इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. पुली नीट असती तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. एकीकडे गवताचं छप्पर होतं, दुसरीकडे गॅसगळती. कारणं वेगळी आहेत. पण "एवढं काही होत नाही" हे वाक्य त्या दोन्ही सकाळी कोणीतरी नक्की म्हटलं असणार.

म्हणून माझ्या मागण्या, रेक्टर सरांना आणि तुम्हा सर्वांना :

सहामाही तपासणीच्या वेळी मेस कमिटीचे दोन विद्यार्थी आणि मेकॅनिकलचे एक सर हजर असावेत. प्रत्येक पुलीचं झाकण समोर उघडावं, तार समोर हलवावी, द्रावण न सोडता हँडलची चाचणी समोर घ्यावी, आणि हँडलला किती किलो लागले ते साध्या स्प्रिंग बॅलन्सने मोजून तारखेसह भिंतीवर लिहावं. आपल्या लॅबमध्ये स्प्रिंग बॅलन्स धूळ खात पडलेत, त्यांनाही बरं वाटेल.

पाइपावर काहीही वाळत घालायचं नाही. नॅपकिनसाठी वेगळी दोरी आम्ही कमिटीच्या पैशातून बांधली आहे. जर्किन आपापल्या रूमवर.

हँडलजवळ मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहावं : आधी ओढा, मग बाहेर पळा. आणि ते स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला, नव्या माणसालाही, टर्मच्या पहिल्या आठवड्यात दाखवावं. मावशींना त्या हँडलचा उपयोग माहीत होता, कारण त्यांनी कुतूहलाने स्वतः विचारला होता. आपण सांगितला नव्हता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : यंत्रणा चुकून सुटली तर नुकसान कोणाच्याही पगारातून कापायचं नाही, हे कंत्राटात लेखी यावं. या एका ओळीशिवाय बाकीच्या मागण्या म्हणजे नवीन पुलीवर जुनी वायर.

पहिल्या तीन मागण्या सरांनी मान्य केल्या आहेत. पुल्या नव्या आल्या, क्लॅम्प बसले, लिंका योग्य रेटिंगच्या लागल्या. गेल्या आठवड्यात हँडलला सहा किलो लागले. मावशींनी एका हाताने ओढलं आणि "एवढंच होय?" म्हणाल्या. चौथी मागणी 'विचाराधीन' आहे. विचाराधीन या शब्दाचा अर्थ आपल्याला परीक्षा विभागाने चांगला शिकवलेला आहे, म्हणून हा लेख. कंत्राटाचं नूतनीकरण जूनमध्ये आहे. त्याआधी कमिटीच्या अर्जावर तुमची सही हवी आहे. अर्ज मेसच्या दाराशी, कुपनांच्या टेबलावर ठेवला आहे.

मामा परत कामावर आलेत. हाताची कातडी अजून गुलाबी आहे, पण पुऱ्या पूर्वीसारख्याच फुगतात. जाम झालेली एक पुली मी टेक्निशियनकडून मागून घेतली, ती माझ्या टेबलावर असते. रूमवर येणारा प्रत्येक जण ती उचलतो, चाक फिरवून बघतो, आणि विचारतो, "हे काय रे? फिरत का नाही?"

मग मी त्याला खुर्ची देतो आणि सगळं पहिल्यापासून सांगतो.

— मेस कमिटी सदस्य, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी